दुसरी फळी: सार्वजनिक दारांचा एक छोटा इतिहास

मी विषय कळवला 'दार', तेव्हा संयोजकांचा फोन आला, "सर, रूपक म्हणून ना?" म्हटलं, नाही हो, खरंखुरं दार. चौकट आणि बिजागऱ्या असलेलं. त्यातही दोन फळ्यांचं. नाट्यगृहाला, शाळेच्या सभागृहाला, मंगल कार्यालयाला असतं ते. त्या दाराला आतून काय बसवावं, एवढाच आजचा प्रश्न आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात का पडावं, असं तुम्हाला वाटेल. मीही यात आपण होऊन पडलो नाही, एका समितीमुळे पडलो. त्या समितीबद्दल शेवटी बोलेन, कारण तिथे मी एक चूक केली आहे.

सुरुवात इंग्लंडमध्ये करू. १६ जून १८८३, शनिवारची दुपार. ईशान्य किनाऱ्यावरचं संडरलंड तेव्हा जहाजबांधणीचं गाव होतं. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. वरच्या गॅलरीचं तिकीट एक पेनी. गॅलरीत हजारावर मुलं, आणि मोठं माणूस जवळजवळ कुणी नाही. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला बक्षीस मिळण्याची संधी आहे, अशी जाहिरात केलेली. प्रयोग संपताना खाली मंचावरून खेळणी वाटायला सुरुवात झाली. वरच्या मुलांनी ते पाहिलं. खालच्यांनाच सगळं मिळणार, आपल्याला काही उरणार नाही, असं वाटून ती जिन्याकडे धावली.

जिन्याच्या पायथ्याशी दार होतं. ते आतल्या बाजूला, म्हणजे जिन्याच्याच दिशेने उघडणारं. शिवाय कुणीतरी ते अर्धवट उघडं ठेवून खाली बोल्ट मारून पक्कं केलेलं. जेमतेम अर्ध्या मीटरची फट. तिकिटं तपासायला ती सोयीची, एका वेळी एकच मूल जाणार. पुढची मुलं त्या फटीत अडकली, आणि मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. १८३ मुलं गेली. ३ ते १४ वर्षांची. चौकशी झाली, पण तो बोल्ट कुणी लावला हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे आग नव्हती. धूर नव्हता. कुणी घाबरलेलं नव्हतं. मुलं आनंदाने धावत होती, खेळण्यांसाठी. आणि तरीही अशा प्रसंगांसाठी पुढे जी कडी निघाली तिला नाव पडलं 'पॅनिक बोल्ट'. पॅनिक हा शब्द ग्रीकांच्या पॅन या रानदेवतेवरून आला. तो अरण्यात अचानक भय उत्पन्न करतो अशी समजूत होती. म्हणजे नावातच निदान करून टाकलं की दोष माणसांच्या डोक्यात आहे, गर्दी वेडी होते, तिला आवरणारं यंत्र हवं. संडरलंडची मुलं वेडी झाली नव्हती. जिन्यावरून खाली गेलं की दार असतं आणि दारातून बाहेर जाता येतं, हा त्यांचा समज अगदी शहाणपणाचा होता. दारच त्याला खोटं ठरलं. १९५४ मध्ये एन्रिको क्वारांटेली या समाजशास्त्रज्ञाने पॅनिकवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. तेव्हापासून आपत्तींचे अभ्यासक पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत की आपण समजतो तितकी खरी बेभान घबराट सहसा आढळत नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आपल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा. मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असते. वाकून, एकेकाने आत यायचं. दिंडी कशासाठी, तर येणाऱ्यावर नजर ठेवता यावी म्हणून. आणि आत अडसर. भिंतीतल्या खोबणीतून ओढून दारामागे आडवं सरकवायचं ते जाड लाकूड. वाड्याचं दार हे मुळात बाहेरच्याला रोखायला केलेलं दार, आणि त्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवणार नाही. घोटाळा होतो तो सार्वजनिक इमारतीत. तिथल्या दाराला दोन धनी असतात. एक दारवान, त्याला फुकट्यांना आणि चोरांना थांबवायचं असतं. दुसरा आत बसलेला प्रेक्षक. त्याला वेळ आली तर बाहेर पडायचं असतं. दारवान तिथे रोज हजर असतो, प्रेक्षकाची ती वेळ बहुधा कधीच येत नाही. मग दार कुणाचं ऐकणार? संडरलंडच्या दाराची कुणीतरी दिंडी करून टाकली होती.

१८९२ मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी इंग्लंडमध्ये पॅनिक बोल्टचं पेटंट घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी, ती ढकलली की बोल्ट मागे सरतो आणि दार बाहेर उघडतं. दिसायला अगदी आपला अडसरच, काम मात्र बरोबर उलटं.

यात विशेष काय, ते समजायला घरी एक प्रयोग करा. न्हाणीघराचं दार आतून बंद करा, अंगाचा सगळा भार दारावर टाका आणि तसंच रेलून कडी सरकवून बघा. सरकत नाही, कारण भार पडला की कडी चौकटीच्या खाचेत घट्ट दाबली जाते आणि घर्षण वाढतं. आता तुमच्या पाठीशी पन्नास माणसं आहेत असं समजा. एक पाऊल मागे घ्या नि मग कडी काढा, हे सांगणंसुद्धा निरर्थक, कारण मागे जागाच नाही. म्हणून पॅनिक बोल्टची खरी परीक्षा भाराखाली होते. एन ११२५ या युरोपीय मानकात ती आकड्यांत आहे: दारावर काही दाब नसताना दांडी ८० न्यूटनच्या आत सुटली पाहिजे आणि १००० न्यूटनचा, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाइतका, दाब असताना २२० न्यूटनच्या आत. अमेरिकेतला आकडा १५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ६७ न्यूटन. सात किलोची पिशवी उचलायला लागतं तेवढं बळ. लहान मुलाने अंग टाकलं तरी पुरावं.

ब्रिग्ज यांच्या पेटंटनंतर ११ वर्षांनी शिकागोमध्ये इरोक्वा थिएटर उघडलं. नोव्हेंबर १९०३. जाहिरातीत लिहिलेलं, 'पूर्णपणे अग्निरोधक'. महिनाभराने, ३० डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ होता. प्रेक्षकांत बहुतेक बायका-मुलं, आणि बसायच्या जागांपेक्षा माणसं जास्त. मंचावरच्या आर्क दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगीपासून वाचवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला. त्यानंतर प्रेक्षक दारांकडे गेले, तेव्हा काय दिसलं? काही दारं भरजरी पडद्यांमागे झाकलेली. काहींना कुलूप. वरच्या मजल्यांच्या जिन्यावर लोखंडी सरकती जाळी, तीही कुलूपबंद. का, तर स्वस्त तिकीटवाल्यांनी मध्यंतरात खाली येऊन महाग खुर्च्या पकडू नयेत. आणि काही दारांना 'बास्क्यूल' नावाची कडी होती, छोटी तरफ फिरवून उघडणारी. युरोपात ती नेहमीची, शिकागोच्या माणसाने ती बहुधा पाहिलेली नव्हती. ज्यांना ठाऊक होती अशा एकदोघांनी आपापली दारं उघडली, त्या दारांतून माणसं सुटली. मृतांची संख्या ६०२.

गिल्बर्ट राइल या इंग्लिश तत्त्वज्ञाने 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं हे येणं' असा भेद केला, आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवला. इरोक्वाच्या प्रेक्षकांना दार आहे हे माहीत होतं. ते उघडायचं कसं, हे येत नव्हतं. दांडीने ही दुसरी अटच काढून टाकली. दाराकडे जाणं आणि दार उघडणं ही एकच हालचाल झाली. युरोपीय मानकांनी हा फरक चांगला ओळखलाय. कर्मचाऱ्यांना सवयीचं असलेलं दार असेल तर एन १७९ प्रमाणे मूठ किंवा दाबपट्टी चालते. अनोळखी लोकांची गर्दी जिथे येते तिथे एन ११२५ प्रमाणे आडवी दांडीच.

इरोक्वाच्या त्या खेळाला कार्ल प्रिन्झलर नावाचे एक गृहस्थ जाणार होते, पण कामामुळे जाणं राहिलं. ते इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीत विक्रीचं काम बघत. त्यांनी हेन्री ड्यूपाँट या वास्तुतज्ज्ञाच्या मदतीने दांडीचं नवं यंत्र तयार केलं आणि १९०८ मध्ये ते बाजारात आलं. व्हॉनेगट, ड्यूपाँट, प्रिन्झलर या तीन नावांचे तुकडे जोडून त्याचं नाव ठेवलं 'व्हॉन ड्यूप्रिन'. हे नाव आजही चालू आहे. माझ्यासारख्याला यात आणखी एक गंमत वाटते. ते दुकान १८५२ मध्ये काढणारे क्लेमेन्स व्हॉनेगट हे जर्मनीतून आलेले, पक्के विवेकवादी, धर्माचा आधार न घेता मुलांना नीती कशी शिकवावी यावर पुस्तिका लिहिणारे. आणि 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' लिहिणारे कर्ट व्हॉनेगट हे त्यांचे पणतू. असो, हे फार लांबेल.

आता दोन फळ्यांकडे येऊ. एका फळीच्या दाराला दांडी बसवणं सोपं आहे. कडी बाजूच्या चौकटीत जाते, चौकट भिंतीत पक्की आहे. दोन फळ्या आल्या की मधोमध चौकटच नसते. पहिली फळी कशाला अडकवायची, तर दुसऱ्या फळीला. आणि दुसरी? तिला वर आणि खाली टॉवर बोल्ट. आपल्याकडची नव्वद टक्के, म्हणजे मी पाहिलेली जवळजवळ सगळी, मोठी दारं अशीच असतात. एक फळी रोजची, दुसरी लग्नकार्याची.

आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार सभागृहासारख्या जमावाच्या इमारतीत बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान २००० मिलिमीटर लागते. इतर इमारतींत १००० पुरते. दोन मीटर म्हणजे व्यवहारात मीटर मीटरच्या दोन फळ्या आल्या. नकाशावर दोन मीटर दिसतात, मंजुरी दोन मीटरला मिळते. प्रत्यक्षात दुसऱ्या फळीचा वरचा बोल्ट सात फुटांवर, रंगाच्या चार थरांखाली गोठलेला. म्हणजे दार एकच मीटर. त्याच कोडमध्ये असंही आहे की बाहेर जायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. बोल्टला किल्ली लागत नाही हे खरं. स्टूल लागतं.

मग काय बसवावं? एका फळीला दांडी आणि दुसरीला बोल्ट हा सगळ्यात स्वस्त प्रकार, आणि तो नको. दांडी दिसली की पाहणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि अर्धं दार कायमचं बंदच राहतं.

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही फळ्यांना दांडी आणि प्रत्येक दांडीला जोडलेल्या उभ्या सळया. एक वर चौकटीत जाते, एक खाली जमिनीत. दांडी ढकलली की दोन्ही सुटतात. फळ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, पूर्ण रुंदी मोकळी. दिसायलाही देखणं. त्रास खालच्या टोकाचा. जमिनीतल्या खळगीत केर, वाळू, फरशी पुसताना पाणी जातं. ट्रॉली आदळून सळई वाकते. लाकडी फळी पावसाळ्यात फुगते आणि सळयांचं माप चुकतं. देखभाल करणारा माणूस नेमलेला असेल तरच हा प्रकार टिकतो. खालची सळई नसलेला प्रकारही मिळतो, तो कमी रुसतो, पण दार खालून थोडं हलतं आणि मग चौकीदार अस्वस्थ होतो.

तिसरा मार्ग, आणि माझं मत विचाराल तर शाळा-महाविद्यालयांसाठी हाच: मधोमध एक पोलादी खांब, ज्याला फॅब्रिकेटर 'मुलियन' म्हणतात. खांब आला की दोन फळ्यांच्या दाराची दोन साधी दारं होतात. प्रत्येकीला स्वतंत्र दांडी, कडी खांबात जाते. भाग कमी, बिघाड कमी, आणि ओढून उघडणं बाहेरच्याला अवघड. खांबाची जाडी रुंदीतून वजा होते, ती मोजताना धरायची. नेपथ्य किंवा पियानो आत न्यायचा असेल तर किल्लीने खांब काढता येतो. काढलेला खांब परत लावायचा असतो, हे मात्र कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं. तो कोपऱ्यात उभा राहिलेला मी पाहिलाय, वर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला.

मधल्या फटीवर एकीची कडा दुसरीवर चढते अशी दारं असतील तर जास्त सांभाळायला हवं. तिथे खालची फळी आधी हलत नाही. माणूस नेमका तीच ढकलत उभा राहिला तर? म्हणून अशा जोडीत कोणतीही दांडी आधी दाबली तरी बाहेर पडता येतं का, हे विकत घेतानाच ढकलून बघायचं. माहितीपत्रक वाचून नव्हे.

आणि एक. दिवसा वर्दळ असताना दांडी दाबून किल्लीने तशीच अडकवून ठेवायची सोय असते. मग दार नुसतं ढकलून उघडतं. सोयीचं आहे, पण आगीला अडवणाऱ्या दाराला ती सोय असता कामा नये, कारण त्या दाराची कडी प्रत्येक वेळी आपोआप बसलीच पाहिजे. दोन्ही वस्तू दिसायला सारख्या असतात. मागवताना आगीच्या दारासाठी प्रमाणित असलेलीच मागायची. आणि जिथे कडीची गरजच नाही, उदाहरणार्थ दोन दालनांमधलं साधं झुलतं दार, तिथे दांडीसुद्धा नको.

इतकं सगळं निवडलं, बसवलं, तरी गोष्ट संपत नाही. २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये ४९२ माणसं गेली. मुख्य दरवाजा गोल फिरणारा, तो गर्दीने अडकला, हे सगळे सांगतात. पण तळघरातून वर येणाऱ्या जिन्याच्या डोक्यावर एक दार होतं, आणि त्याला पॅनिक दांडी होती. त्या दाराला वेगळं कुलूप घालून ठेवलेलं होतं. दांडीचा शोध लागून पन्नास वर्षं झाली होती, दांडी दारावर होती, आणि दार उघडलं नाही. कारण तेच, जे संडरलंडमध्ये होतं आणि शिकागोत होतं. कुणी बिल न भरता जाऊ नये, कुणी फुकट येऊ नये. १९११ च्या न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल कारखान्यातही बंद दाराचं कारण कामगार काही चोरून नेतील हेच होतं. १४६ जण गेले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ जण धुराने गुदमरले. तिथे बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट खासगी बॉक्स बसवून बंद केलेली होती आणि इतर वाटा जादा खुर्च्यांनी अरुंद केलेल्या. खुर्ची म्हणजे तिकीट, हे गणित.

आता ती समिती. निवृत्तीच्या काही वर्षं आधी एका महाविद्यालयाच्या सभागृहाच्या नूतनीकरणासाठी समिती नेमली, त्यात मी होतो. बाहेर पडायची दोन दारं, दोन्ही दोन फळ्यांची. तीन दरपत्रकं आली. आम्ही सर्वांत स्वस्त घेतलं: एका फळीला दांडी, दुसरीला बोल्ट. सही माझीही आहे. त्या दिवशी मी शाळेच्या पाटीसारखा कोरा होतो. मला खरंच वाटलं की लाल दांडी दिसतेय म्हणजे दार सुरक्षित झालं.

दोन वर्षांनी स्नेहसंमेलनाला गेलो, तर दांडीला साखळी गुंडाळून कुलूप. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "सर, आतली पोरं दांडी दाबून बाहेरच्या दोस्तांना बिनपासाची आत घेतात. गोंधळ झाला की बोलणी मला बसतात." त्याला रागावायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही तिघांनी यंत्र निवडलं, पण रोज दारापाशी उभा राहणाऱ्या माणसाला एका शब्दानेही विचारलं नाही. दांडी प्रेक्षकाची अडचण सोडवत होती, चौकीदाराची तशीच ठेवून. मग त्याने आपल्यापुरतं उत्तर शोधलं, साठ रुपयांच्या साखळीत.

त्याच्या अडचणीला उत्तर होतं. बाहेरच्या बाजूला मूठ नसलेली कोरी पट्टी, म्हणजे बाहेरून दार ओढता येत नाही. आणि दांडीतच बॅटरीवर चालणारा भोंगा. दार कुणीही उघडावं, पण उघडलं की सगळ्यांना कळावं. आतल्या मित्राने दोस्ताला घेतलं तर भोंगा वाजणार. अमेरिकेत दांडी दाबल्यावर पंधरा सेकंदांनी उघडणारी यंत्रंही काही इमारतींत चालतात, पण सभागृहांना त्यांची परवानगी सहसा नसते, आणि नसावीच. आम्ही दरपत्रकांत भोंग्याची ओळ वाचली होती. 'अनावश्यक' म्हणून खोडली होती. माझ्याच पेनाने.

त्यानंतर मी प्राचार्यांना दोन पत्रं लिहिली, एकदा जाऊन भेटलो. एका दाराला आता मधला खांब, दोन दांड्या आणि भोंगा बसला आहे. त्या दाराची साखळी चौकीदाराने आपण होऊन काढली. दुसऱ्या दाराचं काम पुढच्या आर्थिक वर्षात घेऊ असं सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. येत्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.

आज इथे मी अर्धा तास आधी आलो होतो. तुमच्या उजव्या हाताच्या दाराची दुसरी फळी बोल्टने बंद होती. संयोजकांनी स्टूल आणून ती उघडून दिली, त्यांचे आभार. आता प्रश्न असतील तर घेऊ.